थंडीत कॅक्टस बिघडलाय? पाणी घालायच्या आधी दाबून बघा

डिसेंबर लागला की बेळगावात रात्रीचा पारा 15 च्या आसपास येतो, आणि खिडकीतला कॅक्टस जरा सुरकुतला की आपण लगेच तांब्याभर पाणी ओततो. तिथंच घोळ होतो. थंडीत त्याची वाढ थांबलेली असते, मुळं पाणी ओढत नाहीत, मग ओली माती तशीच राहते आणि मुळं कुजतात.

म्हणून आधी बुंधा मातीलगत पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबून बघा. कडक लागला तर घाबरू नका. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत खोलवर खुपसा, 10 मिनिटांनी काढा, कोरडी निघाली तर सकाळी उन्हात थोडं पाणी द्या आणि मग तीन-चार आठवडे हात लावू नका. काडी ओली आणि झाड तरीही सुरकुतलेलं, म्हणजे मुळं गेली असण्याची शक्यता जास्त, कुंडीतून काढून बघावंच लागतं.

माझा गोल्डन बॅरल, म्हणजे सोनेरी काट्यांचा गोल कॅक्टस, असाच गेला. वरून हिरवागार, खाली दाबलं तर पिकलेल्या चिकूसारखा मऊ, आणि घाण वास. नर्सरीतल्या कोकोपीटमध्येच (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवला होता, ते पाणी फार धरून ठेवतं. उभा खांबासारखा कॅक्टस असेल तर मात्र वाचवता येतो: सुरी स्पिरिटनं पुसून खालून चकत्या काढत वर जायचं, कापलेल्या भागात तपकिरी ठिपका सुद्धा दिसेनासा होईपर्यंत, एक ठिपका ठेवलात तर कूज परत चढते बघा. मग 10-15 दिवस सावलीत सुकवून जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडी तांबडी माती यात लावा.

बुंध्याशी तपकिरी पण कडक, लाकडासारखं असेल तर ते वयामुळं, उगाच कापू नका. काट्यांच्या मुळाशी पांढरा कापूस दिसला तर ती मिलीबग नावाची रस शोषणारी कीड, इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसायचा, आठवड्यानं परत. शेंडा बारीक आणि फिकट झालाय? उजेड कमी पडतोय, दक्षिणेच्या खिडकीत सरकवा पण हळूहळू, एकदम कडक उन्हात ठेवलं तर पांढरट डाग पडतो तो जात नाही.

लाल-पिवळ्या डोक्याचा मून कॅक्टस असेल तर त्याचं खालचं हिरवं खोड बघत जा, ते बहुतेक ड्रॅगनफ्रूटच्या जातीचं असतं आणि रंगीत डोकं त्यावर कलम केलेलं असतं, त्या खोडाला थंडी सोसत नाही, रात्री खिडकीपासून आत घ्या.

निरोगी झाडाची कुंडी मात्र आत्ता बदलू नका, फेब्रुवारी संपता संपता ऊन तापायला लागलं की बदला. कूज दिसली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी काढायचं.