गच्चीचा कोपरा आपल्या वापरात कसा घ्यावा

सांगलीत विश्रामबागकडच्या आमच्या इमारतीत गच्चीच्या एका कोपऱ्यावरून वर्षभर अबोला होता. वरच्या मजल्यावरच्या काकांनी बारा कुंड्या आणि झोपाळा नेऊन ठेवला. चैत्रात कुरडया घालायला बायका वर गेल्या, तर दिवसभर ऊन पडणारी नेमकी तीच जागा अडलेली. काकांचं चुकलं एवढंच, की झोपाळा आधी चढवला आणि विचारलं नंतर.

सुरुवात कागदांपासून करा. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहे, ते आधी बघा. अपार्टमेंट असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, मिळवा. त्यात ती जागा तुमच्या फ्लॅटसाठी ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ म्हणून राखलेली असेल, तर वापर तुमचाच. नसेल तर ती सगळ्यांची. बिल्डर तोंडी काय म्हणाला होता, हे सभेत कुणी ऐकून घेत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानेही, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रिअल इस्टेट कायद्यानेही, मोकळी गच्ची आणि उघडं पार्किंग सामाईकच धरलंय. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग, बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय.

जागा कायमची नावावर लावून घ्यायचा हट्ट शक्यतो सोडा. त्यासाठी घोषणापत्र दुरुस्त करून पुन्हा नोंदवायचं, म्हणजे सगळ्यांच्या सह्या जमवणं आलं, आणि एक तरी सही अडतेच. मुदतीची परवानगी मागा. ती मिळते.

मग टेप घेऊन गच्चीवर जा. जिन्याचं तोंड, लिफ्टची मशीनरूम, टाकीचा व्हॉल्व्ह आणि पावसाचं पाणी उतरायचा पाईप यांच्यापासून लांबचा कोपरा निवडा. खाली जागा हवी असेल तर साईड मार्जिनकडे, म्हणजे इमारतीच्या बाजूने सोडलेल्या पट्ट्याकडे, बघूच नका, ती मोकळीच राहायला हवी. इमारत गावभागात किंवा शामरावनगरात असेल तर आणखी एक विचार करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या मजल्यांचा संसार वरच चढवावा लागला. त्यामुळे ‘पुराच्या काळात जागा मोकळी करून देईन’ हे वाक्य अर्जात आपणहून लिहा.

अर्जाआधी ज्यांच्या छतावर तुमच्या कुंड्या येणार, त्यांच्याकडे चहाला जा. त्यांची भीती एकच असते, गळती. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता स्टँडवर ठेवीन आणि ओल आली तर दुरुस्ती माझ्या खर्चाने, असं त्यांना सांगा. आणि लिहूनही द्या, कारण तोंडी शब्द पहिल्या पावसात वाहून जातो.

अर्ज सचिवांकडे देऊन पोच घ्या. विषय सभेच्या नोटिशीत छापून आला पाहिजे. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला ५ दिवसांची. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घुसवू नका. तसा ठराव नंतर कुणीही उडवून लावतो. ठराव साधा असावा: ‘गच्चीचा ईशान्य कोपरा, १० बाय ८ फूट, कुंड्यांसाठी ११ महिने वापरण्यास परवानगी. मालकी हक्क नाही. शुल्क दरमहा अमुक. कायम बांधकाम करायचं नाही. टाकीच्या कामासाठी जागा केव्हाही मोकळी करून द्यायची.’ शुल्क थोडं का होईना, द्याच. पावती असली की कुरकुर निम्म्याने कमी होते. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत घरी ठेवा.

ठरावाशिवाय जागा अडवली, तर आदर्श उपविधींत दरमहा देखभाल शुल्काच्या पाचपट दंड आहे. पत्र्याचं शेड टाकायचं असेल तर नुसत्या ठरावाच्या भरवशावर राहू नका, आधी महापालिकेत विचारा. फ्लॅट विकताना हा कोपरा सोबत विकल्याचंही दाखवू नका. परवानगी तुमच्यापुरती होती.

काकांचा झोपाळा आता टाकीपलीकडे आहे. चैत्र-वैशाखात कुंड्या भिंतीकडे सरकवायच्या, ही अट त्यांनीच ठरावात घालून घेतली. कुरडयांच्या दिवशी चिकाची पहिली वाटी त्यांच्याकडेच जाते.