पहिला मूस बघायला निघताना

कॅनडातल्या ओंटारियोत नवीन आलेला माणूस पहिल्या वर्षी नायगरा बघतो आणि मूस ‘पुढच्या वर्षी’वर ढकलतो. तुम्ही ढकलू नका.

मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात थोराड गडी. आपला सांबर त्याच्यापुढे पोरसवदा वाटेल. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन सहज 400-500 किलो भरतं. टोरोंटोहून तीनेक तास गाडी हाकली की अल्गाँक्विन पार्क येतं. हायवे 60 पार्कमधून 56 किलोमीटर जातो आणि मला दिसलेले बहुतेक मूस याच रस्त्याच्या कडेला दिसलेत. दिवसाचं परमिट आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

लोक पानगळीचे रंग बघायला ऑक्टोबरात जातात आणि ‘मूस काही दिसला नाही’ म्हणत परततात. खरा हंगाम मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. कारण मीठ! बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ वाहत जाऊन कडेच्या चरांत साचतं. काड्या नि साली चघळून हिवाळा काढलेल्या मूसला सोडियम हवं असतं, म्हणून तो ते गढूळ, खारट पाणी प्यायला येतो. पुढे तळ्यांत पाणवनस्पती वाढल्या की तो तिकडे वळतो. मग कनू, म्हणजे अरुंद होडी, वल्हवायची तयारी हवी.

उजाडताना पार्कात असा. चर आणि झाडीची कड न्याहाळत सावकाश चला. काळपट बुंधा वाटतो तो कधीकधी मान वर करतो. या दिवसांत नराची शिंगं नुकती फुटत असतात, मखमल पांघरलेली. भरदार शिंगं हवी असतील तर सप्टेंबरअखेर या, पण तो माजाचा काळ, तेव्हा अंतर जास्तच ठेवा. आणि हो, मे-जूनमध्ये चावऱ्या काळ्या माश्या जीव नकोसा करतात. फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

मूस दिसला की गाडी पूर्ण कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि आतच बसा. खिडकीच्या कडेवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. 300-400 मिमीची लेन्स पुरते. त्याच्या काळ्या अंगामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो जास्त उजळ काढतो, तेव्हा एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) कमी करा. मोबाइलच असेल तर झूमच्या नादी लागू नका. धुकं, पाणी आणि त्यात उभा मूस असं सबंध चित्र घ्या.

पहिल्या वर्षी मी खाली उतरलो होतो. चारच पावलं. मादीने कान मागे पाडले, मानेवरचे केस ताठ झाले. तिच्यामागे पिल्लू होतं ते मला नंतर दिसलं. गाडीत कसा शिरलो, आठवत नाही; फोटो एकही नाही. इथली राष्ट्रीय उद्यानं मूसपासून किमान 30 मीटर लांब राहायला सांगतात. पिल्लू असेल तर मी त्याच्या दुप्पट धरतो. पायवाटेवर गाठ पडली आणि तो अंगावर आला, तर जाड झाडाच्या आड व्हा.

परतीला अंधार होऊ देऊ नका. गडद अंगामुळे मूस रात्री दिसत नाही, आणि डोळे इतके उंच की हेडलाइटमध्ये चमकतीलच असं नाही. धडक बसली तर लांब पाय खालून जातात आणि धड सरळ काचेवर येतं. उशीर झालाच तर पाटीवरच्या वेगापेक्षा हळू चला, आणि शेजारी बसलेल्याला झोपू देऊ नका. कडेवर नजर ठेवायचं काम त्याचं.