मॉन्ट्रोजचं चरित्र आणि वंशावळ जुळवताना या चुका टाळा

जेम्स ग्रॅहम, ५वा अर्ल ऑफ मॉन्ट्रोज, जन्म १६१२. जेम्स ग्रॅहम, १ला मार्क्विस ऑफ मॉन्ट्रोज, एडिनबरात फाशी १६५०. या दोन नोंदी बापलेकांच्या समजून वंशावळ मांडली की पुढची सगळी पानं चुकतात. माणूस एकच आहे: १७व्या शतकातला स्कॉटिश सरदार आणि सेनापती मॉन्ट्रोज. १६२६ साली वडील वारले तेव्हा तो ५वा अर्ल झाला. १६४४ साली पहिल्या चार्ल्स राजाने त्याला मार्क्विस (अर्लच्या वरचा किताब) केलं आणि किताबाची मोजणी पुन्हा १पासून सुरू झाली. त्यात भर म्हणजे २रा, ३रा आणि ४था मार्क्विसही जेम्सच, आणि हा ४था १७०७ साली पुन्हा ‘१ला’ होतो, ड्यूक (मार्क्विसच्याही वरचा किताब) म्हणून! त्यामुळे किताबाच्या क्रमांकावरून कुणालाही ओळखायला जाऊ नका. नावापुढे जन्म-मृत्यूची सालं लिहा, म्हणजे निम्मा घोळ तिथेच मिटतो.

मुलांच्या बाबतीत हाच घोळ जरा लपून बसतो. थोरला जॉन ‘लॉर्ड ग्रॅहम’ म्हणवला जायचा. कोवळ्या वयात तो वडिलांबरोबर मोहिमेवर गेला आणि १६४५च्या हिवाळी धावपळीनंतर आजारी पडून वारला. पुढच्या कागदांत ‘लॉर्ड ग्रॅहम’ जिवंत दिसतो, तो धाकटा जेम्स. थोरल्यानंतर किताब त्याच्याकडे आला. त्याला विरोधकांनी शाळेतून उचलून एडिनबराच्या किल्ल्यात ठेवलं होतं.

मॉन्ट्रोजच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातही तेच. मार्क्विस ऑफ आर्गाइल आर्चिबाल्ड कॅम्पबेलचा शिरच्छेद १६६१ साली झाला आणि त्याचा मुलगा, ९वा अर्ल आर्चिबाल्ड, याचा १६८५ साली. शहर तेच आणि ‘मेडन’ नावाचं शिरच्छेदाचं यंत्रही तेच. साल न बघता लिहिलंत तर एकाचं मरण दुसऱ्याच्या नावावर जाणार.

बायकांच्या नोंदी सापडत नाहीत, अशी तक्रार नेहमी असते. बहुतेक वेळा शोध चुकीच्या नावाने घेतलेला असतो. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं नाव चालू राहायचं. १६२९ साली सतराव्या वर्षी मॉन्ट्रोजने जिच्याशी लग्न केलं ती कागदांत मॅग्डलेन कार्नेगी म्हणूनच शोधायची. मॉन्ट्रोजची आई मार्गारेट रुथव्हेन. तिचं प्रकरण वेगळं आणि जरा भयंकरच आहे. तिच्या बापाला १५८४ साली मृत्युदंड झाला. ५ ऑगस्ट १६०० रोजी पर्थमधल्या राहत्या वाड्यात तिचे दोन भाऊ राजाच्या माणसांकडून मारले गेले. त्यानंतर संसदेने ‘रुथव्हेन’ हे आडनावच बंद केलं. माहेरचा धागा १६००च्या आसपास तुटलेला दिसला तर कारण हे असू शकतं.

आता मॉन्ट्रोजची बहीण कॅथरिन. १६३१ साली थोरल्या बहिणीचा, म्हणजे लिलियसचा, नवरा सर जॉन कॉलहून तिला घेऊन पळाला. आरोपपत्रात जादूटोणा आहे, जर्मन मांत्रिक नोकर आहे, मंतरलेला सोन्याचा दागिनाही आहे. ते वाचून ‘ग्रॅहम घराण्यात चेटूक’ असा मथळा देण्याचा मोह होतो. देऊ नका. मेहुणीशी संबंध हा त्या काळच्या कायद्यात देहदंडाचा गुन्हा होता. आरोपपत्र हे फिर्यादीचं म्हणणं असतं, घटनेचा अहवाल नव्हे. पळून गेले एवढंच धरून चाला.

नातं म्हणजे पक्ष, हे गृहीत धरणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. बहीण मार्गारेटचा नवरा आर्चिबाल्ड नेपियर (लॉगॅरिदमवाल्या जॉन नेपियरचा मुलगा) शेवटपर्यंत मॉन्ट्रोजच्या बाजूने राहिला. दुसरी बहीण डोरोथिया वारल्यावर तिचा नवरा जेम्स रोलो याने आर्गाइलच्या घरातल्या मेरी कॅम्पबेलशी लग्न केलं. खुद्द मॉन्ट्रोजनेही १६३८ साली राजाच्या धर्मधोरणाविरुद्धच्या करारनाम्यावर सही केली होती आणि १६४०च्या ऑगस्टमध्ये राजाविरुद्ध सैन्य घेऊन इंग्लंडच्या सीमेवरची ट्वीड नदी ओलांडली होती. त्याच महिन्यात आर्गाइलच्या वाढत्या सत्तेविरुद्ध त्याने गुपचूप वेगळा करारही केला. त्याला एका शब्दात ‘राजनिष्ठ’ किंवा ‘फितूर’ म्हणणाऱ्याने हा ऑगस्ट महिना नीट वाचलेला नाही.

तारखा जुळेनात तर आधी दस्तऐवज कुठला ते बघा. स्कॉटलंडने १६००पासून १ जानेवारीला वर्ष सुरू केलं. इंग्लंडमध्ये १७५२पर्यंत ते अधिकृतपणे २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे मॉन्ट्रोजने जिंकलेली इन्व्हरलॉकीची लढाई स्कॉटिश हिशेबाने २ फेब्रुवारी १६४५ची, तर इंग्रजी कागदात ती १६४४ची असू शकते. जानेवारी ते मार्चमधली प्रत्येक तारीख तपासा. युरोपातल्या वनवासातली पत्रं असतील तर जुन्या आणि नव्या कॅलेंडरमधला १० दिवसांचा फरकही लक्षात घ्या.

पैशांचं थोडक्यात: सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकताना मॉन्ट्रोजने धनुर्विद्येवर आणि गोल्फवर केलेला खर्च हिशेबवह्यांत आहे, पण तो स्कॉटिश पौंडांत. १२ स्कॉटिश पौंड म्हणजे १ इंग्लिश पौंड. नुसतं ‘पौंड’ लिहिलंत की उधळेपणा बारापट दिसतो.

चित्रांबद्दलही एक. ग्रॅहम हे लोलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागातलं सरदार घराणं. हायलँडचे (डोंगराळ भागातले) आणि आयर्लंडचे लोक मॉन्ट्रोजच्या फौजेत होते, म्हणून लेखावर किल्ट घातलेल्या कुठल्याही सरदाराचं चित्र लावू नका.

राहिली ती आपल्याकडे हमखास शेअर होणारी गोष्ट: मॉन्ट्रोजचं हृदय मदुराईला आलं होतं. २१ मे १६५०च्या फाशीनंतर नेपियर घरातल्या लेडी नेपियरने त्याचं हृदय मिळवून जतन केलं, असं सांगतात. पुढे ते त्या घरातल्या हेस्टर नेपियरबरोबर मदुराईला आलं, तिथे चोरीला गेलं, स्थानिक सरदाराकडून परत मिळालं आणि नंतर फ्रान्समध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत कायमचं हरवलं. हे सगळं तिचा मुलगा सर अलेक्झांडर जॉन्स्टन याने १९व्या शतकात पत्रात लिहिलं आहे, म्हणजे फाशीनंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी. गोष्ट झकास आहे, जरूर सांगा. फक्त ती जॉन्स्टनच्या नावावर, घरात चालत आलेली आठवण म्हणून सांगा. सनावळीत तिला ओळ देऊ नका.