सातजणांची हायब्रिड गाडी बघायला जाताना सासूबाईंना सोबत न्या

आमची आधीची सात सीटची गाडी आम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि शोरूममध्ये दहा मिनिटं घालवून घेतली. घरी आल्यावर कळलं की तिसऱ्या ओळीत लहान मुलांखेरीज कुणाचे पाय मावत नाहीत. मुलं वाढली आणि ती जागा पिशव्यांची झाली. म्हणून यंदा टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस बघायला निघालो तेव्हा मी हट्टच धरला, जायचं तर सगळ्यांनी. सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटे दीर, दोन मुलं. सोबत प्रवासाच्या दोन मोठ्या बॅगा आणि शिवणाचा टेप.

निघण्याआधी फोन करून एक गोष्ट पक्की करा. ही गाडी साध्या 2.0 लिटर पेट्रोलमध्येही येते आणि हायब्रिडमध्येही, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवर चालणारी मोटर. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. पण कंपनीच्या आकड्यांत साधी लिटरला 16 किलोमीटरच्या आसपास देते आणि हायब्रिड 23.24. चालवायला हायब्रिडच मिळणार ना, हे विचारून घ्या. दुसरं म्हणजे, शोरूममध्ये उभी असते ती बहुतेक वेळा सर्वांत महागडी गाडी. पाय पसरायची सीट आणि काचेचं मोठं छत बघून घरची मंडळी हरखतात, आणि आपण घेणार असतो खालचं व्हेरियंट. ते नसेल तर त्यात काय काय नाही, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

आता बसायची पद्धत. आधी गाडी चालवणाऱ्याने आपली सीट नेहमीसारखी लावायची. मग त्याच्या मागच्याने, आणि शेवटी तिसऱ्या ओळीत बसणाऱ्याने. या क्रमातच खरी जागा कळते. विक्रेता मधली सीट पार पुढे सरकवून तिसरी ओळ दाखवतो, तेव्हा ती ऐसपैस वाटणारच. आमच्या दिरांची उंची पावणेसहा फूट. ते मागे बसले, मी त्यांच्या पुढची सीट मला हवी तशी घेतली आणि टेप लावला. गुडघा आणि सीट यांत चार बोटं उरली. चिपळूणपर्यंत चालेल, असं ते म्हणाले.

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. त्या चढताना मी मुद्दाम हात दिला नाही, नुसती जवळ उभी राहिले. डावा हात दाराजवळच्या मुठीवर, उजवा सीटच्या पाठीवर, मग एक पाय आत, क्षणभर दम, आणि बसल्या. पण उतरताना पाऊल जमिनीपर्यंत पोचेना. त्या तशाच कडेवर टेकून राहिल्या. पायरी बसवून मिळते का, कितीला, हा प्रश्न तिथेच निघाला. घरात वयस्कर माणूस असेल तर चढणं-उतरणं किमान तीनदा करून बघा. पहिल्या वेळी कौतुकात सगळं जमतं.

सामानाचं गणित मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माझं माहेर चिपळूणचं, मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या असतातच. तिन्ही ओळी उभ्या असताना डिकी 300 लिटरची. आमच्या दोन बॅगा उभ्या बसल्या, वर एक पिशवी. पेटीला जागा नाही. तिसरी ओळ अर्धी पाडली की पेट्या बसतात, पण मग माणसं कमी बसतात. हे घरात आधी बोलून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह सपाट हमरस्त्यावर घेऊ नका. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट हाताशी आहे, आम्ही तोच मागितला. विक्रेत्याला जागा हवी म्हणून सासरे खाली चहा घेत थांबले, बाकी सहाही जण आत. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि चढ-उतार दोन्ही झाल्यावरच अॅव्हरेज वाचा. नुसत्या चढाचा आकडा घाबरवतो, उताराचा भुलवतो. भरल्या गाडीत चढाला जोरात पाय दिला की इंजिनाचा आवाज एकदम वाढतो आणि वेग मागाहून येतो. बिघाड नाही तो, या गिअरबॉक्सची रीतच तशी आहे. पण तुमच्या कानाला सोसतो का, ते बघाच. उतरताना ब्रेक दाबला की मोटर बॅटरी भरते, पण बॅटरी छोटी, लवकर भरते. त्यापुढे लांब उतारावर इंजिनाचा रोध, म्हणजे सारखा ब्रेक न दाबता इंजिनानेच वेग आवरणं, कसा वापरायचा, हे विक्रेत्याला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

सिग्नलला इंजिन बंद होतं, एसी चालूच राहतो, कारण त्याचा कंप्रेसर विजेवर चालतो. भर दुपारी पाच मिनिटं थांबून तिसऱ्या ओळीत गार हवा पोचते का, बघा. एक काळजीची गोष्ट: 'रेडी' दिवा लागलेला असेल तर आवाज नसला तरी गाडी चालू असते. घरात लहान मूल असेल तर हा दिवा सगळ्यांना ओळखायला शिकवा.

कागदांत हायब्रिड बॅटरीची वॉरंटी बघा, ती 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. ऑन-रोड किंमत लेखी घ्या, त्यात आपण न मागितलेल्या वस्तू आणि विमा घुसवलेला नाही ना, ते ओळीओळीने तपासा.

आम्ही अजून बुकिंग केलेलं नाही. दिरांना तिसऱ्या ओळीत बसवून पुन्हा एकदा घाट उतरायचाय. परवा खाली येताना ते फार गप्प होते, मळमळत होतं का ते नीट विचारायचं राहिलं.