बोल्ट जड चालतोय? जोर लावण्याआधी कारण शोधा

पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलचा बोल्ट, म्हणजे राउंड आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, बंद होताना शेवटी अडला, की नवा नेमबाज आधी तळहाताने दणका देतो आणि मग तेलाची बाटली उघडतो. दोन्ही चुकीचं. जडपणा बोल्टमधून येऊ शकतो, चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाची राउंड बसण्याची जागा) येऊ शकतो किंवा राउंडमधून (धातूचं काडतूस, त्यातली दारू आणि तोंडावरची गोळी मिळून एक राउंड). नेमका कुठून येतो हे कळल्याशिवाय केलेला उपाय बहुधा नवीनच दुखणं मागे लावतो.

हे इतकं महत्त्वाचं का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं, तो ५० मीटर थ्री पोझिशन प्रकार, म्हणजे गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून नेमबाजी. त्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम १०.४ मिलिमीटर. पालथं झोपून बसवलेली पोझिशन बोल्टला जोर लावताना हलली, तर ती प्रत्येक गोळीला नव्याने बसवत राहावी लागते.

आधी रिकाम्या रायफलवर

मॅगझिन असेल तर काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबर डोळ्यांनी बघा. नळी सुरक्षित दिशेलाच हवी. मग बोल्ट दहा वेळा सावकाश उघडा आणि बंद करा. बहुतेक मॅच (स्पर्धेच्या) रायफलींमध्ये बोल्टची मूठ वर उचलताना फायरिंग पिनची, म्हणजे राउंडवर ठोका देणाऱ्या पिनची, स्प्रिंग ताणली जाते, त्यामुळे उचलताना लागणारा एकसारखा जोर हा दोष नव्हे. खरखर, मध्येच बसणारा झटका, धातूवर धातू घासल्याची जाणीव, हा दोष.

तसं जाणवलं तर बोल्ट बाहेर काढून कोरड्या कापडाने पुसा. बोल्टच्या तोंडाशी आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस ओढून बाहेर काढणारा आकडा) नखाखाली मेण आणि काजळी साचते, ती लहान ब्रशने काढा. मूठ उचलताना पिनला मागे ढकलणारा जो उतार असतो त्यावर आणि लॉकिंग लगच्या (बोल्ट बंद जागी अडकवणारा उंचवटा) मागच्या बाजूला मोहरीएवढं ग्रीस पसरून लावा. पिनच्या स्प्रिंगवर दाट तेल नको. थंडीत ते घट्ट होतं, पिनचा ठोका मंदावतो आणि राउंड फुटत नाही.

मग रेंजवर, राउंड भरून

ही तपासणी घरी कधीही करू नका. फायरिंग लाइनवर, नळी लक्ष्याकडे ठेवूनच करा.

रिकामा बोल्ट लोण्यासारखा चालतो आणि राउंड भरल्यावरच शेवटी अडतो, तर घाबरून जाऊ नका. १८८७ साली आलेल्या पॉइंट टू-टू लाँग रायफल राउंडमध्ये गोळी बाहेरून काडतुसाइतकीच जाड असते. मॅच चेंबर मुद्दाम आखूड आणि घट्ट कापलेलं असतं. बोल्ट बंद होताना शिशाची गोळी नळीतल्या आट्यांमध्ये (आतल्या पिळदार खाचांमध्ये) किंचित रुतते आणि नळीच्या मधोमध बसते. अंगठ्याचा थोडासा दाब लागणं हे चांगल्या चेंबरचं लक्षण आहे. अट एकच, दाब दर वेळी सारखा हवा.

असा भरलेला राउंड न उडवता बाहेर काढायची सवय लावून घेऊ नका. गोळी आट्यांत अडकून राहते, काडतूस तेवढं बाहेर येतं आणि दारू बोल्टच्या खाचेत सांडते. माझ्याबाबतीत सरावात एकदा हे झालं आहे. रेंज ऑफिसरला बोलावून गोळी बाहेर काढेपर्यंत मी रायफलला हात लावला नाही. अशा वेळी दुसरा राउंड भरून पहिली गोळी ढकलू गेलात, तर नळी फुगते.

पूर्वी हलका असलेला बोल्ट हळूहळू जड होत गेला असेल, तर संशय काजळीच्या कड्यावर घ्या. काडतुसाचं तोंड जिथे संपतं त्याच्या पुढे काजळी आणि शिशाचा कठीण थर जमतो, आणि साधा फेल्ट (लोकरीचा बोळा) फिरवून तो निघत नाही. कार्बन काढणारं द्रावण लावून दहा मिनिटं थांबा. मग बोअर गाइड (सफाईची सळई सरळ ठेवणारी नळी) बसवून, मागच्या बाजूनेच, कांस्याचा ब्रश चालवा. शेवटी चेंबर पूर्ण कोरडं करा. तेलकट चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

बंद होताना हलका, पण गोळी उडाल्यावर उघडताना जड? मग रिकामं काडतूस भिंगाखाली बघा. प्रत्येकावर एकाच जागी ओरखडा दिसला, तर चेंबरच्या काठावर खळगा पडून धातू आत आला असावा. ज्या रायफलची पिन काठाला पोचते तिच्यावर डमीशिवाय (नकली राउंड न घालता) ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबण्याचा सराव, केल्याने असं होतं. पॉलिश पेपर घेऊन स्वतः घासू नका. ते काम आर्मररचं, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

राउंड निवडताना

नाव बघून नव्हे, लॉट (एकाच खेपेत बनवलेला माल) बघून निवडा. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर राउंडमध्ये ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, आणि ही जेमतेम एक मिलिमीटर जाडीची कडच राउंड चेंबरमध्ये किती आत जाईल ते ठरवते. कड पातळ असेल तर पिनच्या ठोक्यातला जोर राउंड पुढे सरकण्यात जातो. म्हणून एलीचा असो, लापुआचा असो की आरडब्ल्यूएस कंपनीचा, एकच प्रकार दोन लॉटमध्ये दोन तऱ्हेने वागू शकतो. मॅच राउंडचा वेग सहसा ध्वनीच्या वेगापेक्षा कमी, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास ठेवलेला असतो. हाय व्हेलॉसिटीचे डबे मॅच रायफलसाठी घेऊ नका.

चार-पाच लॉटचा एकेक डबा घ्या. कंपन्यांचं वंगण वेगवेगळं असतं, कुठे मेणासारखं, कुठे तेलकट. त्यामुळे डबा बदलल्यावर पहिल्या दहा गोळ्या मोजू नका. उरलेल्या चाळीसचे दहा-दहाचे चार ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचे पुंजके) टेकू घेऊन मारा आणि चारही मोजा. एकच सुंदर ग्रुप खिशात घालून फिरणारे फसतात. मी चारांतला सगळ्यात वाईट ग्रुप बघून लॉट ठरवतो. त्याच वेळी बोल्ट बंद करताना लागणारा जोरही वहीत लिहा. एकाच डब्यात तीन राउंड सैल आणि चौथा घट्ट जात असेल, तर तो लॉट स्पर्धेसाठी नको, ग्रुप कितीही छान दिसो.

आर्मररकडे जाताना ही वही, पाच रिकामी काडतुसं आणि डब्यावरचा लॉट नंबर बरोबर न्या. जिवंत राउंड त्याच्या टेबलावर ठेवू नका.