बल्लारशाहून कोचीला निघताय? या चुका टाळा

तुरीचे पैसे हातात आले, पोरांच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या वरोऱ्याकडची माणसं माझ्याकडे येतात. "कोचीचं तिकीट काढून द्या." मी आनंदाने काढून देतो. शेतकऱ्याच्या घरानं वर्षातून एकदा समुद्र बघावा, असं मला मनापासून वाटतं. पण परत आल्यावर जे ऐकायला मिळतं, ते दरवर्षी तेच असतं.

सगळ्यात मोठी चूक तापमानाच्या आकड्याची. मोबाईलवर कोची ३३ अंश दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५. म्हणजे कोची थंड, असा सरळ हिशेब. माझ्या भाऊजींनीही तोच केला होता. "आपण ४६ सोसतो, मंग ३३ ले काय भ्याचं?" एसीचे पैसे वाचवले आणि कूलरवाली खोली घेतली. लॉजवाल्यानं कूलर दिलाही, खरं तर त्यानं नाही म्हणायला हवं होतं. खिडक्या बंद करून, घरच्यासारखा रात्रभर कूलर चालवला. सकाळी चादर अशी ओली, की हाताला चिकटत होती. लहान भाच्याची पाठ घामोळ्यांनी लाल, आणि भाऊजींच्या वडिलांना दुपारी जेट्टीवर भोवळ आली. दोन दिवस खोलीत गेले.

आपलं ऊन कोरडं असतं. घाम येतो तसा उडतो आणि उडताना अंगाची उष्णता घेऊन जातो. कूलरच्या ताटीतलं पाणीही तसंच उडतं, म्हणून वारा गार लागतो. समुद्राकाठी हवा आधीच ओलीनं भरलेली. तिथं घाम उडत नाही, नुसता गळतो, आणि कूलर खोलीत आणखी ओल भरतो. म्हणून एसी घ्या. परवडत नसेल तर समोरासमोर खिडक्या आणि चांगला छतपंखा असलेली खोली बघा. मी सकाळी सातला बाहेर पडतो, अकराला परत येतो, आणि चारपर्यंत खोली सोडत नाही. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना मीठ-साखरेचं पाणी तहान लागायच्या आधीच देतो. जीन्स नेऊ नका, भिजली की वाळत नाही.

दुसरी चूक वेळेची. पेरणीच्या आत फिरून येऊ म्हणून लोक मेचा शेवटचा आठवडा धरतात. केरळात मान्सून साधारण १ जूनला येतो, २०२५ मध्ये तर २४ मेलाच आला. आपण ज्या पावसाची वाट बघतो, तो तिथं आधी पोचलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कापसाच्या वेचणीमुळे डिसेंबर जमत नसेल तर संक्रांतीनंतर निघा, शाळेचे चार दिवस बुडाले तरी चालतील. दिवाळीतही तिथं दुपारनंतर विजांसह पाऊस येऊ शकतो.

तिकिटाचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. जाण्याचं तिकीट सगळे काढतात. परतीची तारीख आठवडाभरानं उघडते, तेव्हा विसरतात आणि मग तत्काळ, तत्काळ करत माझ्या दारात उभे राहतात. मी दोन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवतो. तत्काळ हा उपाय नाही, माणसं हे कधी समजून घेणार?

उतरायचं स्टेशन एर्नाकुलम. त्यातही जंक्शन आणि टाऊन ही दोन वेगळी स्टेशनं, तिथले लोक त्यांना साऊथ आणि नॉर्थ म्हणतात. केरळ एक्स्प्रेस टाऊनला थांबते. नातेवाईक किंवा टॅक्सी बोलावण्याआधी तिकिटावरचं नाव नीट वाचा.

तीन दिवसांत कोची, मुन्नार, अलेप्पी करू नका. मुन्नार सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे आणि शेवटी घाट. रील बघून आखलेल्या अशा सहलीत लेकरं गाडीत ओकत जातात आणि समुद्र बघायचा राहतो.

फोर्ट कोचीला मासे धरायची चिनी जाळी बघा, पण पाण्यात उतरू नका, जहाजं तिथूनच बंदरात शिरतात. पोहायला नाही, पाय भिजवायला वायपीन बेटावरचं चेराई चांगलं, तेही पाऊस सुरू होण्याआधी.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला टॅक्सी करू नका, बोटीनं जा. मला त्या प्रवासाइतकं सुखाचं तिथं काही वाटत नाही. आई पहिल्यांदा बोटीत बसली तेव्हा तिनं माझा हात सोडला नव्हता आणि अर्ध्या वाटेवर पदर सावरून स्वतःच कठड्याशी जाऊन उभी राहिली होती.

मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, ज्यूंचं प्रार्थनाघर शनिवारी. दोन्ही बघायचे असतील तर रविवार ते गुरुवार यातला दिवस धरा.