फर्निचर पोहोचवताना या चुका टाळा

कमरेत उसण भरते ती फक्त कपाट उचलतानाच नाही, उचललेलं कपाट घेऊन वळतानाही. वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींत हे वळण प्रत्येक लँडिंगवर येतं. पाय रोवून नुसती कंबर पिळली की मणक्यातल्या चकतीवर वजन आणि पीळ एकदमच येतात. कपाट टेकवा, पकड बदला, मग छोटी पावलं टाकत सगळं अंग वळवा.

जिन्यात जास्त भार खालच्यावर असतो. निसटलं तर कपाटही त्याच्याच अंगावर. म्हणून दमदार गडी खाली, आणि ‘थांब’, ‘टेकव’ फक्त त्यानेच म्हणायचं. दोघेही हुकूम सोडू लागले की एकाने सोडलेलं असतं, दुसऱ्याने धरलेलं, आणि बोटं चेंगरतात. टेकवायच्या जागी आधी दोन इंची लाकडी ठोकळे ठेवा. बोटं काढायला फट राहते. ड्रॉवर, काचा, खण आधीच काढा आणि दार पट्ट्याने बांधा. अर्ध्या जिन्यात दार उघडलं तर तोल सावरत नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लिफ्ट असते, पण तिथे वजनापेक्षा लांबी नडते. सहा माणसांच्या लिफ्टवर 408 किलोची पाटी असते, सोफा त्याच्या आसपासही जात नाही. तो अडतो दारात. मग तिरपा कोंबायचा, दार पायाने अडवायचं, आणि हात सापडतो. टेम्पो भरण्याआधीच लिफ्टच्या दाराची उंची-रुंदी आणि लिफ्ट आत किती खोल आहे ते फोनवर विचारून घ्या. बऱ्याच सोफ्यांचे पाय फिरवून निघतात, तेवढे इंच पुरतात. गॅलरीतून दोरीने ओढायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा.

चप्पल नको, बंद बूट हवेत. पावसाळ्यात ओल्या लादीवर तर हवेतच. सुती हातमोजे सनमायकावर घसरतात, रबरी तळव्याचे घ्या. टेम्पोच्या फाळक्यावरून उडी मारू नका.

उसण भरली की लगेच मालिश करायची सवय वाईट. पहिले दोन दिवस जोरात चोळू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं ठेवा. पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. बोट चेंगरलं तर सूज चढण्याआधी अंगठी काढा. आणि मार किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी मालकाला वेळ-ठिकाणासह मेसेज टाका. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) लागू असेल तर पुढे हीच नोंद कामी येते.